खराब पियानोला श्रेय कशासाठी?

कीथ जॅरेट या अमेरिकन जॅझ पियानोवादकाची एक गोष्ट हल्ली व्याख्यानांतून आणि व्हॉट्सॲपवरून सारखी कानावर येते. २४ जानेवारी १९७५ च्या रात्री जर्मनीतील कोलोन शहराच्या ऑपेरागृहात त्यांच्यासमोर चुकीचा पियानो आला, तरीही त्यांनी वाजवले, आणि त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण एकल पियानोवादनाच्या रेकॉर्डमध्ये जगात सर्वाधिक खपले. तेव्हा अडचणीतूनच कला फुलते, असे तात्पर्य शेवटी जोडलेले असते. पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात नाटकांना ऑर्गनची आणि भजनांना पेटीची साथ करणाऱ्या मला हे तात्पर्य अजिबात पटत नाही.

त्या रात्री घडले ते असे. जॅरेट यांनी मोठा बोसेंडॉर्फर ग्रँड पियानो मागितला होता. मंचावर आला तो तालमीसाठी वापरला जाणारा लहान पियानो. त्याचे वरचे स्वर पातळ, खर्ज पोकळ, आणि पेडलही नीट काम करीत नव्हते. झुरिचहून मोटारीने लांबचा प्रवास करून आलेले जॅरेट पाठदुखीने हैराण होते. त्यांनी वाजवायला नकार दिला. कार्यक्रमाची आयोजक व्हेरा ब्रँडेस तेव्हा अवघी १८ वर्षांची होती. तिने विनवण्या केल्या, कारागिरांनी काही तास खपून तो पियानो वाजण्याजोगा केला, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास वादन सुरू झाले. पुढचा तासाभराचा विस्तार आधी लिहिलेला नव्हता, ठरवलेला नव्हता. तो तिथेच, श्रोत्यांसमोर घडला.

ते ध्वनिमुद्रण मी वाद्य वाजवणाऱ्याच्या कानाने ऐकतो, तेव्हा त्यातली समज थक्क करते. वरच्या पट्ट्यांत दम नाही हे ओळखून त्यांचा उजवा हात बहुतेक वेळ मधल्या सप्तकात राहतो. खर्ज भरत नाही, म्हणून डावा हात एकच आवर्तन पुन्हापुन्हा फिरवत राहतो आणि त्या फिरण्यातून भरणा करतो. पहिल्या भागात बराच काळ दोनच स्वरसंगतींवर मुक्काम आहे, पण ऐकणाऱ्याला तो मुक्काम लांबला असे वाटत नाही, कारण त्यांच्यावर चढणारी सुरावट दर फेरीला थोडी वेगळी होऊन येते.

हे त्या पियानोने शिकवले काय? जॅरेट तेव्हा २९ वर्षांचे होते. तीन वर्षांचे होण्याआधी ते पियानोसमोर बसले, सातव्या वर्षी त्यांनी पूर्ण मैफल केली. पुढे आर्ट ब्लेकी, चार्ल्स लॉइड आणि माइल्स डेव्हिस या नामवंत जॅझ वादकांच्या ताफ्यांत उमेदवारी झाली. १९७१ मध्ये ऑस्लोला त्यांची पहिली एकल पियानोची रेकॉर्ड मुद्रित झाली, आणि १९७३ मध्ये ब्रेमेन व लोझान येथे त्यांनी काहीही न ठरवता संपूर्ण मैफली वाजवल्या. कोलोनला कामी आली ती ही पुंजी. पियानो चांगला असता, तर ती आणखी कोणत्या वाटेने गेली असती, हे ऐकायची संधी मात्र कायमची गेली.

आमच्या या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, हीच विद्या मी फार जवळून पाहिली आहे. थंडीत रात्रभर चालणाऱ्या नाटकात पहाटेच्या सुमारास गायक नटाचा आवाज बसतो, अंतऱ्याची ओळ तोंडावर येत नाही; अशा वेळी जुने ऑर्गनमास्तर डाव्या हाताने षड्ज-पंचम धरून ठेवत, उजव्या हाताने गेलेल्या ओळीचाच तुकडा निरनिराळ्या वळणांनी फिरवत, आणि नजर त्या नटाच्या चेहऱ्यावरून काढत नसत. त्याने मान किंचित हलवली, की समेवर जागा मोकळी. समोर बसलेल्या मंडळींना वाटे, पद असेच बसवले आहे. हे अंगी यायला जन्म जातो, आणि पोस्टरवर त्यांचे नाव बहुधा सर्वांत लहान अक्षरांत असते.

म्हणूनच या गोष्टीच्या तात्पर्याचा मला राग येतो. दहिवराने ओलावलेला, दोन-तीन पट्ट्या दाबल्या की वर न येणारा ऑर्गन पुढे करून, ‘खऱ्या कलाकाराला काय, तो कशावरही वाजवतो’, असे मला एका गावी ऐकवले गेले आहे. आयोजकांचा हेतू वाईट नव्हता, हेही मी जाणतो. धान विकून आणि वर्गणी काढून नाटक ठेवणाऱ्या गावाजवळ पैसा कमीच असतो. परंतु अडचण ही अडचणच असते. तिला कलेची जननी म्हटले, की ती दूर करण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

जॅरेट यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध तर या व्याख्यानांत येतच नाही. १९९६ मध्ये त्यांना दीर्घ थकव्याच्या आजाराने गाठले आणि मैफली थांबल्या. १९९८ मध्ये त्यांनी घरीच, अगदी साध्या चालींवर, जे वाजवून ठेवले ते मला कोलोनपेक्षाही जवळचे वाटते. त्यात दाखवण्याची घाई नाही, प्रत्येक स्वर जपून ठेवलेला आहे. नंतर ते उभे राहिले, बासवादक गॅरी पीकॉक आणि ड्रमवादक जॅक डिजोनेट यांच्याबरोबर १९८३ पासूनचे त्रिकूट २०१४ पर्यंत चालले. पण २०१८ मध्ये पक्षाघाताचे दोन झटके आले आणि डावी बाजू लुळी पडली. आपण आता स्वतःला पियानोवादक समजत नाही, असे त्यांनी २०२० मध्ये सांगितले. कोलोनला तो पोकळ खर्ज ज्याने भरून काढला, तोच हा डावा हात. वाजवणाऱ्याची वर्षे मोजकी असतात, म्हणूनच त्याला मिळणारे वाद्य चांगले असावे, असा माझा आग्रह आहे.

दिवाळीनंतर मंडया, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रा, सुरू होतील, गावोगावी नाटके ठरतील. मंडपाची आणि दिव्यांची सुपारी देताना ऑर्गनचा भाता आणि सूर कारागिराकडून एकदा तपासून घ्यावेत, साथीदारांना वाद्य दुपारीच वाजवून पाहू द्यावे, आणि रात्री त्यांच्या डोक्यावर दहिवर पडणार नाही इतकी ताडपत्री बांधावी. गावच्या वर्गणीत हे सहज बसते. कोणाला आपल्या भागातला भरवशाचा पेटी-कारागीर ठाऊक असेल, तर गावाचे नाव कमेंटमध्ये लिहावे. मी हंगामापूर्वी एक यादी करून सर्व मंडळांना पाठवणार आहे.