‘बँकेतून पाठवले म्हणजे बुडत नाहीत’: परदेशी लिलावांबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

जुनी नाणी, टपाल तिकिटं, पदकं जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला सारखा फिरत असतो. थोडक्यात तो असा: “जर्मनी-इंग्लंडच्या लिलावात बोली लागली की पैसे बँकेतूनच पाठवा. बँक खातेदाराचं नाव तपासते. आयबॅन ज्या देशाचा, विक्रेता त्याच देशाचा. शंका असेल तर आधी दहा युरो पाठवून बघा. गडबड झालीच तर स्विफ्टची पावती दाखवून पैसे परत मिळतात. कारणाच्या रकान्यात ‘भेट’ लिहा, म्हणजे कोणी विचारत नाही.”

आयबॅन म्हणजे देशाच्या संकेतासह येणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, आणि स्विफ्ट म्हणजे देशोदेशींच्या बँकांमधली निरोपव्यवस्था. बँक ट्रान्सफर हा मार्ग वाईट नाही. नावाजलेली लिलावगृहं मोठ्या रकमा बहुधा अशाच घेतात. पण या मार्गाची सगळी सुरक्षितता पैसे निघण्याआधीच्या तपासणीत असते, आणि नेमकी तीच तपासणी हा सल्ला माणसाला टाळायला शिकवतो.

“बँक खातेदाराचं नाव तपासते.” हा समज यूपीआयने रुजवला. क्रमांक टाकला की नाव दिसतं, याची आपल्याला सवय झाली आहे. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसलाही नाव पाहण्याची सोय आली. पण या सगळ्या देशांतर्गत व्यवस्था आहेत. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का हे दाखवणं बंधनकारक झालं, तेही युरोपातल्या आपसांतल्या युरो ट्रान्सफरपुरतं. पुण्याच्या शाखेतून स्विफ्टने गेलेली रक्कम त्यात येत नाही. समोरची बँक बहुतेक वेळा आयबॅन पाहून रक्कम जमा करते. युरोपच्या पेमेंट कायद्याचं तत्त्वही हेच आहे: दिलेल्या क्रमांकाच्या खात्यात पैसे गेले, तर व्यवहार बरोबर झाला असं धरलं जातं.

नेहमीची फसवणूक इथेच होते. लिलावगृहाची किंवा तुमची मेलपेटी कोणीतरी फोडलेली असते. बिल खरंच असतं: तोच लॉट (लिलावातली वस्तू) क्रमांक, तीच रक्कम, तोच लोगो. फक्त आयबॅनची ओळ बदललेली असते आणि सोबत एक वाक्य येतं, ‘ऑडिटमुळे आमचं नेहमीचं खातं बंद आहे, कृपया नव्या खात्यावर पाठवा.’ मेलच्या पत्त्यात एखादंच अक्षर वेगळं असतं, कधी तेही नसतं.

यावर उपाय फोनचा. मेलमधल्या किंवा बिलावरच्या नंबरवर फोन करू नका. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून किंवा जुन्या छापील कॅटलॉगमधून नंबर घ्या. आयबॅन तुम्ही वाचून दाखवू नका. शेवटचे सहा आकडे त्यांना वाचायला सांगा. तुम्ही वाचलेत तर पलीकडचा माणूस घाईत ‘हो, बरोबर’ म्हणून मोकळा होतो. खातेदाराचं नाव कंपनीच्या नोंदणीकृत नावाशी ताडून पाहा. ब्रिटनचं कंपनीज हाउस आणि जर्मनीचं हांडेल्सरेगिस्टर ऑनलाइन फुकट बघता येतं. बिल कंपनीचं आणि खातं एखाद्या व्यक्तीच्या नावावर असेल, तर तिथेच थांबा.

“आयबॅन ज्या देशाचा, विक्रेता त्याच देशाचा.” आयबॅनवरून खातं कुठल्या देशात नोंदलं आहे एवढंच कळतं. जर्मन आयबॅन २२ चिन्हांचा असतो: सुरुवातीला डी आणि ई ही रोमन अक्षरं, मग दोन ताळ्याचे आकडे, आठ आकडी बँक-संकेतांक आणि दहा आकडी खाते क्रमांक. ताळ्याच्या आकड्यांमुळे टायपिंगची चूक पकडली जाते, चोर नाही. त्याचं खातं खरंच असतं. ऑनलाइन पेमेंट कंपन्यांकडे घरबसल्या खातं उघडता येतं आणि भाड्याने दिलेली खातीही मिळतात. तरी एक ताळा अवश्य घ्या. स्विफ्ट कोडमधलं (बँकेच्या आंतरराष्ट्रीय संकेतांकातलं) पाचवं आणि सहावं अक्षर देश सांगतं. लिलावगृह म्युनिकचं आणि आयबॅन लिथुआनियाचा असेल, तर कारण विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

“आधी दहा युरो पाठवून बघा.” यातून खातं चालू आहे एवढंच कळतं. ‘मिळाले, धन्यवाद’ हे उत्तर ठगही देतो, आणि आपला धीर मात्र वाढतो. शिवाय बँकेचे शुल्क दोनदा भरावे लागते. पैसे पोचल्याची खात्री वरच्या पद्धतीने शोधलेल्या नंबरवरच होणार असेल, तरच या चाचणीला अर्थ आहे.

“पावती दाखवून पैसे परत मिळतात.” सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. पावती म्हणजे पैसे पाठवल्याचा पुरावा. वस्तू आली नाही, खोटी निघाली, तर बँकेचा त्याच्याशी संबंध नाही. कार्डावर चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा, दावा करता येतो. ट्रान्सफरला तसा हक्क नाही. आपली बँक फक्त परत मागणीचा संदेश धाडू शकते. रक्कम खात्यात जमा झाली असेल तर परत करायला सहसा त्या खातेदाराचीच संमती लागते. म्हणून अनोळखी एकट्या विक्रेत्याला ट्रान्सफर करूच नये. तिथे लिलावाच्या संकेतस्थळावरच कार्डाने पैसे भरावेत. ‘बाहेर दिलेत तर दहा टक्के कमी’ किंवा ‘पहिल्या बोलीवाल्याने माघार घेतली, तुम्हाला दुसरी संधी’ असा मेल आला, तर संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यातल्या निरोपांत तो दिसतो का ते पाहा. नसेल तर तो खोटा समजा.

फसवणूक लक्षात आली तर दिवस मोजू नका, तास मोजा. बँकेकडून ३६ चिन्हांचा यूईटीआर क्रमांक, म्हणजे त्या ट्रान्सफरचा माग काढण्याचा क्रमांक, घ्या. त्यावरून रक्कम कुठे अडकली किंवा जमा झाली ते बँकेला शोधता येतं. ‘फसवणूक’ हे कारण नोंदवून परत मागणी करायला लेखी सांगा. समोरच्या बँकेच्या फसवणूक विभागाला स्वतःही मेल करा, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा. रक्कम मधल्या बँकेतच असेल तर ती थांबण्याची आशा असते.

सल्ल्यात नसलेली, पण रोज अडचण करणारी गोष्ट म्हणजे शुल्क. हातोड्याची किंमत, म्हणजे शेवटची बोली, ८०० युरो, त्यावर समजा लिलावगृहाचं २५ टक्के प्रीमियम, म्हणजे एकूण १,००० युरो, वर टपाल आणि विमा. शुल्काचा पर्याय ‘शेअर्ड’ ठेवला तर मधल्या बँका आपला वाटा त्यातूनच कापतात, लिलावगृहाला रक्कम कमी पोचते आणि लॉट अडकून राहतो. ‘अवर’ म्हणजे सगळे शुल्क आपल्याकडे, हा पर्याय घ्या. संदेशाच्या रकान्यात साधारण १४० अक्षरंच मावतात. सुरुवातीलाच बिल क्रमांक आणि बोलीदार क्रमांक लिहा. जर्मन नावातली टिंबवाली अक्षरं स्विफ्टमध्ये चालत नाहीत, त्यांच्या जागी स्वराला रोमन ‘ई’ अक्षर जोडून लिहितात.

“कारण ‘भेट’ लिहा.” ए-टू फॉर्मवर, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरायच्या अर्जावर, खोटं कारण देणं हे परकीय चलन कायद्याचं, म्हणजे १९९९ च्या फेमाचं, उल्लंघन आहे आणि दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. लपवायचं काही नसताना हा धोका कशाला? पार्सलसोबत कस्टमकडे हजार युरोचं बिल येणार आणि बँकेत त्याच रकमेची ‘भेट’ नोंदलेली असणार. उद्या फसवणुकीची तक्रार करायची वेळ आली तर तुमचाच फॉर्म सांगेल की ही खरेदी नव्हतीच. बिल घेऊन शाखेच्या परकीय चलन विभागात जा, कलावस्तू की आयात, कुठल्या कारणाखाली पाठवायचं ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. एलआरएसखाली (व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) पाठवलेली वर्षाची रक्कम दहा लाख रुपयांवर गेली तर वरच्या भागावर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करता येतो.