काटा कुठं मारतात?

गेल्या रविवारी माझ्या मुलाने इथं जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, पायजम्यात बसून ऊस तोडला. 'फार्मिंग सिम्युलेटर २५' हा स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा गेम. २००८ पासून या मालिकेचे भाग निघताहेत आणि जर्मनीत तिचे चाहते शाळकरी पोरांपासून खऱ्या शेतकऱ्यांपर्यंत आहेत. तोडणी यंत्र उसात घातलं की शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत कांड्या पडतात, ट्रॉली भरली की विकायला न्यायची.

व्हिडिओ कॉलवर माझा दादा हे बघत होता. त्याचा साडेतीन एकर ऊस आहे, वाळवा तालुक्यात.

"वाढं कुठं टाकलीस रं?"

"मामा, वाढं म्हणजे?"

"उसाचं शेंडं. जनावरांना काय घालतोस मग?"

मुलाने सांगितलं की एक बटण दाबलं की मजूर येतो, ट्रॅक्टर चालवतो आणि तासाचे पैसे आपोआप कापले जातात. दादाने विचारलं, "उचल किती घेतली त्यानं? पळाला नाही उचल घेऊन?" मग ट्रॉली जाऊन रिकामी झाली, खात्यावर रक्कम आली आणि दादाचा शेवटचा प्रश्न आला. "काटा मारत नाही व्हय तुझा कारखाना?"

मुलाला काटा मारणं समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. ऊस उभा करणारा एक, वजन करणारा दुसरा, आणि टनामागं किती किलो हवेत गेले हे तिसऱ्यालाच माहीत. तो म्हणाला, "मग हे गेममध्ये का नाही?" मी इतकी वर्षं गेम खेळतेय, इतकी परीक्षणं वाचली, पण दादाएवढं नेमकं परीक्षण कुणी केलेलं मला आठवत नाही. बाकीचे ग्राफिक्सवर बोलतात. हा सरळ काट्यावर गेला.

गेम खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ब्राउनश्वाइगच्या आसपास साखर बिटापासून होते. ऑक्टोबरात कामाला जाताना शेताच्या कडेला बिटाचे घराएवढे ढीग दिसतात, आणि अख्ख्या शेतात एक अवाढव्य यंत्र, त्यात एकच माणूस. तोडकऱ्यांची टोळी नाही, त्यांची झोपडीवजा कोपी नाही, बैलगाडी नाही. इथला शेतकरी खरोखरच गेममधल्यासारखा एकटा असतो. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी आपल्या खिडकीतून जे दिसलं ते प्रामाणिकपणे रंगवलं. दादाच्या खिडकीतून अजून कुणी बघितलेलं नाही, एवढंच. कर्जही आहे त्यात, पण तेही बटणावर मिळतं. सोसायटीत चकरा नाहीत, सातबारा नाही, जामीनदार नाही.

आता घरच्या वादाकडे येते. २०२५ च्या जुलैमध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेतला व्हिडिओ पसरला. मोबाइलवर रमी दिसत होती. आपण खेळत नव्हतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं, यावर मी काही बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही शिल्लक राहत नाही. त्याच सुमारास आमच्या घरच्या ग्रुपवर वेगळीच बातमी आली होती: एका चुलतभावाने उसाचं बिल एका रमीच्या ॲपवर घालवलं. पहिला हप्ता गेला, मग तो परत मिळवायला दुसरा. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. दादाने ग्रुपवर लिहिलं, "बरं झालं. सगळेच गेम बंद करा. तुझ्या पोराचा पण."

दोन दिवसांनी वहिनीचा फोन. "अगं, बंदी आली म्हणे, मग हा काय खेळतोय?" हा म्हणजे माझा चौदा वर्षांचा भाचा, आणि तो खेळत होता बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतीय अवतार. वहिनीचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे रमी पण गेम, पबजी पण गेम, दुकानात बसून कँडी फोडणं पण गेम. कायद्याने उलट चांगली वर्गवारी केली आहे: ई-स्पोर्ट्स वेगळे, बिनपैशाचे खेळ वेगळे, पैसे लावायचे वेगळे. आणि कौशल्याचा खेळ की नशिबाचा, ही जुनी पळवाटही बुजवली. पैसे लावले की संपलं. पण ही वर्गवारी कायद्याच्या कागदावरून आमच्या ओसरीपर्यंत काही आली नाही.

जर्मनमध्येही खेळाला एकच शब्द, 'श्पील'. मात्र जुगाराला 'ग्लुक्सश्पील' म्हणतात, नशिबाचा खेळ. आपल्याकडे जुगार हा किती स्वच्छ, धारदार शब्द आहे! जाहिरातवाल्यांनी तो एकदाही उच्चारला नाही. त्यांनी गेम म्हटलं, आपणही गेम म्हणालो, आणि आता शिव्या गेमला पडताहेत.

इथं सगळं शहाणपण नांदतं असा समज करून घेऊ नका. २००२ मध्ये एरफुर्टच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने सोळा जणांना मारलं. तो 'काउंटर-स्ट्राइक' हा गोळीबाराचा गेम खेळायचा अशी चर्चा झाली आणि देशभर 'किलरश्पीले', म्हणजे खुनी खेळ, हा शब्द गाजू लागला. बंदी घाला, असा गजर झाला. अल्पवयीनांना काय विकू नये हे ठरवणाऱ्या सरकारी मंडळाने त्याच वर्षी मे महिन्यात तो गेम तपासला आणि काळ्या यादीत टाकायला नकार दिला. पुढच्या वर्षी नवा कायदा येऊन खोक्यावरचे वयाचे शिक्के बंधनकारक झाले: ०, ६, १२, १६, १८. गजर पुढंही बरीच वर्षं चालू होता. आपल्याकडे २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळतात म्हणून पोरांना अटक झाली तेव्हा मला इथले ते वाद आठवले. आणि २०२० मध्ये पबजीवर जी बंदी आली ती मुलांच्या डोक्याचा विचार करून नव्हे, तर देशाची सुरक्षा आणि माहितीची पळवापळवी या कारणाने, शंभरावर इतर ॲपसोबत. तरी शाळेच्या पालकसभेत श्रेय घेतलं गेलं ते संस्कारांचंच.

जुगाराच्या बाबतीत तर मी घरच्या बाजूची आहे. इथं छोट्या गावातही स्टेशनजवळ काळ्या काचांची एक 'श्पीलहाले' असते, आत नाणी गिळणारी यंत्रं. २०२१ पासून ऑनलाइन जुगारालाही परवाना मिळतो, महिन्याला हजार युरो भरण्याची मर्यादा घालून. हजार युरो! ज्याला ही मर्यादा लागते त्याला ती वाचवत नाही, असं माझं मत. दिल्लीने केलं ते जास्त सरळ आहे. ते टिकवायचं कसं हा प्रश्न आहेच, फोनमध्ये वाटा फार असतात.

पण एक गोष्ट इथं मला पटली. फुटबॉलचा तो गेम, जो आधी 'फिफा' होता आणि आता 'ईए स्पोर्ट्स एफसी' आहे, त्यावर वर्षानुवर्षं शून्याचा शिक्का असायचा. रक्त नाही, बंदूक नाही, खेळू द्या. २०२३ मध्ये त्यावर १२ आला. मैदानावर काही बदललं नव्हतं, तपासणाऱ्यांनी बघायची जागा बदलली होती. त्या गेममध्ये खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटं खऱ्या पैशाने मिळतात. आत कोण निघेल ते फाडल्यावर कळतं, आणि आज घेतलं नाही तर उद्या मिळणार नाही अशी घाई लावलेली असते. बेल्जियमने २०१८ मध्येच याला जुगार म्हटलं होतं.

दादाच्या भाषेत सांगायचं तर काटा इथं मारतात. आणि आपण सगळे ट्रॉलीचा रंग बघत बसतो. भाचा गोळ्या झाडतो याची वहिनीला काळजी. मी तिला म्हटलं, बंदुकीवर चढवायच्या रंगीत कातड्यासाठी त्याने तुझ्या फोनवरून किती पैसे भरलेत ते बघ. तिने बघितलं. आकडा सांगत नाही, भाच्याची इज्जत आहे.

माझी स्वतःची सुरुवात 'काँट्रा'पासून. पिवळी कॅसेट, त्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं, आत खरे गेम पंचवीस. दादाकडे पहिला कंट्रोलर, माझ्याकडे कायम दुसरा. धबधब्याच्या पातळीत वर चढायचं असतं आणि पुढचा भराभर चढला की पडदा वर सरकतो, खाली राहिलेला मरतो. दादा भराभर चढायचा. गोळी न लागता मी किती वेळा मेले याचा हिशेब अजून बाकी आहे. पण दोघांनी एकत्र खेळायचा त्याहून चांगला गेम मी आजवर पाहिला नाही, कारण शेजारी कोण बसलंय ते त्यात विसरता येत नाही. पुढं सायबर कॅफेचा जमाना आला तेव्हा माझी वाट बंद झाली. तिथं मुली जात नसत. 'व्हाइस सिटी' मी मावसभावाकडे मागं उभं राहून बघितला. खेळायला मिळाला तो इथं येऊन, आणि तेव्हा लक्षात आलं की त्यातलं सगळ्यात चांगलं गाडीतला रेडिओ आहे.

'पेपर्स, प्लीज' हा २०१३ चा गेम, लुकस पोप या एकट्या माणसाने केलेला. तुम्ही आर्स्टोत्स्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर बसता आणि लोकांचे कागद तपासता. जितकी माणसं हातावेगळी, तितका पगार. घरी भाडं, जेवण, शेगडीचा खर्च. एक नवरा येतो, त्याचे कागद नीट असतात. जाताना सांगतो, मागं माझी बायको आहे. तिचा परवाना नसतो. मी हा गेम खेळले तेव्हा माझ्या नवऱ्याच्या व्हिसाची फाइल इथल्या एका कार्यालयात पाच महिने पडून होती, आणि खिडकीमागच्या बाईंना मी मनात काय काय म्हणाले होते. गेममध्ये त्या बाईंच्या खुर्चीवर बसले आणि तिसऱ्या दिवशी मीसुद्धा मान वर न करता शिक्के मारायला लागले. राग गेला नाही. फक्त तो त्या बाईंवरून सरकून पगाराच्या हिशेबावर गेला.

'वेन्बा' मात्र मला लांबवून हवा होता. टोरोंटोत बनलेला, २०२३ चा. तमिळ जोडपं कॅनडात येतं, आईच्या फाटक्या वहीवरून इडल्या करायच्या, पानावरचे पुसलेले शब्द ओळखायचे. मुलगा मोठा होतो तशी त्याची तमिळ पातळ होत जाते. दीड तासात संपतो. मुलाने आणि मी एका बैठकीत संपवला आणि मग आमच्यात विचित्र शांतता झाली, कारण आम्ही दोघंही आपापसात कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरवत होतो. वाढंचा अर्थ न कळणं हे त्याच पातळ होण्यातलं.

'राजी' पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. एक मुलगी भावाला शोधत राक्षसांशी लढते, आकाशातून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलत असतात. महालांच्या भिंती बघत मी लढाई विसरत होते. लढाई तशी विसरण्यासारखीच आहे, जरा अडखळती, आणि शेवट अर्ध्यात दोर कापल्यासारखा. तरी तो मी इथल्या तीन घरी नेऊन दाखवला. पुण्यात बनला म्हणून कौतुक, हे कबूल करते. पण पहिला कंट्रोलर मुलीच्या हातात होता, हेही.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्याचं लक्ष नव्हतं, मुलाच्या पडद्याकडे होतं. या नव्या भागात भातखाचरं आहेत आणि म्हशीही.

"म्हसरं?" दादा पुढं सरकला. "दूध किती देती?"

"मामा, त्या दुधाचं मोझरेला करायचं."

"चीज? म्हशीच्या दुधाचं?" तो थोडा वेळ गप्प बसला. "फॅट कोण मोजतंय तिथं?"