ओवा भरा आणि ओढा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डचं काय खरं, काय खोटं

पंधरा दिवस झाले, सांगलीतल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तीनदा आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर दोनदा, आणि परवा आत्यानं पण पाठवला, म्हणजे आता कुणी राहिलं नसेल. तरी ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. "सिगारेट सोडा, ड्राय हर्ब व्हेपोरायझर घ्या. खिशात मावतं, फक्त 1499 रुपये. ओवा, तुळस, हळद भरा आणि ओढा. धूर नाही, फक्त वाफ. निकोटीन नाही म्हणून कायद्याची भानगड नाही. तंबाखू सुटते, सर्दी-दमा पळतो. आपल्या आयुर्वेदात हेच सांगितलंय. सगळी मशीनं आतून सारखीच, महागडं घेऊन फसू नका." खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि एक लिंक.

मी डॉक्टर नाही, वकील पण नाही. विश्रामबागला माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर, मुलांची खेळणी असलं सगळंच येतं. आणि गेल्या आठवड्यात त्याच लिंकवरनं मागवलेलं एक यंत्र माझ्या टेबलावर आलं, चार्ज होत नाही म्हणून. त्यामुळं शेवटच्या मुद्द्यापासनंच सुरू करतो, कारण ते मी स्वतः उघडून बघितलंय.

"सगळी मशीनं आतून सारखीच." बघू की मग. स्टिकरखाली दोन स्क्रू, ते काढले की कव्हर सुटतं. आत एक पाउच सेल, म्हणजे पाकिटासारखी चपटी बॅटरी, तो फुगलेला, म्हणून चार्ज होत नव्हता. बाजूला अंगठ्याच्या नखाएवढी स्टीलची वाटी, तिच्याभोवती हीटर गुंडाळून वर पिवळी टेप, आणि वाटीच्या बुडाला साध्या प्लॅस्टिकचा आधार, तो एका बाजूनं वितळून वाकलेला. सगळ्यात भारी गंमत म्हणजे ओढल्यावर हवा येते ती खालच्या भोकातनं आत शिरून थेट सर्किट बोर्डावरनं वाटीत. म्हणजे सोल्डरिंगचा फ्लक्स, गरम प्लॅस्टिक, सगळ्याचा वास घेत ती हवा तुमच्या छातीत जाणार, त्यात ओवा भरा नाहीतर केशर भरा.

मग बाहेरनं सप्लाय देऊन चालू केलं. स्क्रीनवर 200 डिग्री सेट केलं आणि मल्टीमीटरची तापमान मोजायची वायर वाटीत सोडली. स्क्रीन म्हणते 200, मीटर म्हणतो 251, मग खाली 188, परत वर 240. वाटी रिकामी होती म्हणून थोडं इकडंतिकडं धरा, पण पन्नास डिग्रीचा फरक म्हणजे थोडं नव्हे. स्क्रीनवरचा आकडा नुसता शोभेला आहे, इमर्जन्सी लाईटवर लिहिलेल्या "100 तास बॅकअप" सारखा.

आणि इथंच "धूर नाही, फक्त वाफ" हा मुद्दा पण निकालात निघतो. तत्त्व खोटं नाही हे आधी कबूल करतो. वाळलेला पाला साधारण 160 ते 220 डिग्रीच्या दरम्यान तापवला की त्यातलं तेल उडून येतं आणि पाला जळत नाही, चांगली यंत्रं ह्याच पट्ट्यात काम करतात. 230 च्या आसपास पुढं गेलं की करपायला सुरुवात होते आणि करपलं की तो धूरच, त्यात कार्बन मोनॉक्साईड पण आलं आणि डांबर पण आलं. म्हणजे वाफ आणि धूर ह्यांच्यामध्ये पातळ रेघ आहे आणि त्या रेघेवर उभं राहण्यासाठी जे लागतं ते एकच, तापमानावर ताबा. 1499 च्या डब्यात नेमकं तेच नाही.

सप्लाय द्यायच्या आधी वाटी रिकामी करायला उलटी केली तेव्हाच ते दिसलं होतं. कडेचा ओवा काळा कोळसा, मधला जसाच्या तसा. असं होतं कारण खिशातली स्वस्त यंत्रं बहुतेक कंडक्शनची असतात, म्हणजे भिंत तापते आणि भिंतीला टेकलेलं भाजतं. तव्यावर शेंगदाणे न हलवता ठेवले की काय होतं ते घरात कुणालाही विचारा. दुसरा प्रकार कन्व्हेक्शन, त्यात हवाच आधी गरम होऊन पाल्यातनं जाते, भाजणं सारखं होतं, पण ते महाग पडतं.

माझा मावसभाऊ टोरांटोला असतो. तिकडं 17 ऑक्टोबर 2018 पासनं गांजा कायदेशीर आहे, त्यानं मागं मला विचारलेलं की दादा स्वस्तातलं खिशात मावणारं कुठलं घेऊ. आता मी ते ओढत नाही आणि त्यानं पण ओढू नये असं माझं मत, ते त्याला सांगून झालंय. पण यंत्राबद्दल विचारलं तर यंत्राबद्दल सांगावं. म्हणलं, सेल बदलता येणारा घे, 18650 नंबरचा, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब. खरा सेल साधारण 45 ग्रॅम भरतो, हातात घेतला की कळतं. त्याच्यावर 9900 एमएएच लिहिलं असेल तर सरळ परत दे, कारण ह्या साईजमध्ये 4000 च्या आसपासच्या पुढं काही जात नाही. हवेची वाट बोर्डापासनं वेगळी हवी, वाटी स्टील नाहीतर सिरॅमिकची आणि तोंडाकडचा भाग काचेचा असला तर उत्तम. तापमान एकेक डिग्रीनं बदलता यायला हवं, लाल-हिरवा-निळा असे तीन दिवे देऊन भागत नाही. आणि वाटी उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसता यायला हवी, नाहीतर महिन्याभरात आत चिकट थर बसतो आणि चव जुन्या स्टोव्हसारखी लागते. पैसे कमी असतील तर कंडक्शनच घे पण वाटी छोटी घे आणि मधनं हलव. हे सगळं त्याच्या देशातल्या दुकानासाठी. ह्यातला एकेक मुद्दा त्या लिंकवरच्या डब्याला लावून बघा, एक तरी पास होतो का.

आता कायदा. "निकोटीन नाही म्हणून भानगड नाही" हे तर सपशेल खोटं, आणि हे वाक्य लिहिणाऱ्याला ते माहीत पण असणार. सप्टेंबर 2019 मध्ये ई-सिगारेट बंदीचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्यात व्याख्याच अशी केलीय की पदार्थ तापवून ओढण्यासाठी फवारा तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, निकोटीन असो वा नसो, नाव काही असो, आकार काही असो. जाळण्याऐवजी तापवायची उपकरणं तर त्यात वेगळी नाव घेऊन घातलीत. सूट आहे ती 1940 च्या औषध कायद्याखाली परवाना असलेल्या वस्तूंना. बनवणं, विकणं, आयात, वाहतूक, जाहिरात ह्या सगळ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर तीन वर्षं आणि 5 लाख. परदेशातनं मागवलं तरी ती आयातच. आणि जाहिरातीचं कलम थेट आणि आडून दोन्ही प्रकारच्या जाहिरातीला लागतं, म्हणजे ती लिंक जो ग्रुपाग्रुपावर टाकत सुटलाय त्यानं जरा दमानं घ्यावं.

अजून एक गोष्ट फॉरवर्डमध्ये शिताफीनं गाळलीय. ज्या देशांतनं हे यंत्र आलं तिथं "हर्ब" हे गांजाचं सभ्य नाव आहे. तुळस नव्हे मर्दा! कुणीतरी शब्दाचं भाषांतर औषधी वनस्पती असं केलं आणि ओवा-हळद चिकटवून दिली. आपल्याकडं गांजा 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतो, थोडासा म्हणजे 1 किलोच्या आतला सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलेजची पोरं ओव्यासाठी 1499 घालवतील असं ज्याला वाटतं त्याला माझा नमस्कार.

बरं धरून चाललो की खरंच ओवाच भरला. ओव्यातलं मुख्य ते थायमॉल, ते उकळतं 232 डिग्रीला. तुळशीतलं युजेनॉल 254 ला. दोन्ही करपायच्या रेघेच्या पलीकडं. त्याच्या आत पण थोडं थोडं उडतंच, नाही असं नाही, पण मग त्यासाठी 200 डिग्री कशाला, गरम पाण्यात ओवा टाकला तरी घरभर वास सुटतो की. हळदीचं तर बोलूच नका, सांगलीच्या माणसानं तरी बोलू नये. तिच्यातलं मुख्य ते करक्युमिन, ते वाफ होऊन येत नाही, तापवत गेलं की नुसतं करपतं, आणि पूड एवढी बारीक की जाळीतनं सरळ घशात. ज्याचं मशीन माझ्याकडं आलं तो म्हणाला हळद घातल्यावर दहा मिनिटं खोकत होतो, त्याला वाटलं कफ सुटतोय.

सर्दी झाली की आई टोपात पाणी उकळून वाफारा द्यायची, त्या टोपाची खरी करामत मला हे यंत्र उघडल्यावर कळली. पाणी उकळायला लागलं की सांगलीत तरी 100 च्या पुढं जात नाही, खाली गॅस कितीही मोठा करा. म्हणजे टोपात तापमानाचा कंट्रोल फुकट आलाय, बोर्ड नको सेल नको. वाफारा घेतल्यानं सर्दी बरी होते असं पण मी म्हणत नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच. फक्त टोप मांडीवर घेऊ नका आणि लहान पोरांना तर त्याच्या जवळ पण बसवू नका, वाफाऱ्यात खरा धोका सांडणाऱ्या पाण्याचा असतो.

दम्याचं मात्र चेष्टेवारी नेऊ नका. दमेकऱ्याच्या छातीत करपलेल्या पाल्याचा धूर म्हणजे अटॅकला आमंत्रण. नेब्युलायझर पण वाफच देतो की, असं ग्रुपवर एकानं लिहिलं. नाही, तो औषध तापवत नाही, हवेच्या दाबानं त्याचे बारीक थेंब करतो. शेजारी मिरज आहे, 1894 ला डॉक्टर वॉनलेस साहेबांनी तिथं दवाखाना काढला तेव्हापासनं लांबलांबची माणसं उपचाराला येतात आणि आपण सहा-सात किलोमीटरवर बसून लिंकवरनं दमा बरा करणार.

आयुर्वेदाचं एका ओळीत सांगतो. चरकांनी धूमपान सांगितलंय हे खरं, पण धूम म्हणजे धूर, वर त्याला वेळ-मात्रा आणि कुणी घेऊ नये ह्याची यादी पण दिलीय. मग आधी ठरवा, तुमच्या यंत्रात धूर आहे की नाही.

राहिलं तंबाखू सोडणं. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारी मोठी माणसं 3.8 टक्के आणि तंबाखू खाणारी, मिश्री लावणारी 24.4 टक्के. म्हणजे आपला प्रश्न ओठाखालचा आहे आणि हे विकतायत ओढायचं यंत्र! ज्यानं आयुष्यात सिगारेट धरली नाही त्याच्या हातात ओढायची सवय द्यायची आणि त्याला व्यसनमुक्ती म्हणायचं. खरंच सोडायची असेल तर 1800-11-2356 ही सरकारी फुकट हेल्पलाईन आहे, निकोटीनच्या गोळ्या-गम मेडिकलमध्ये मिळतात, डॉक्टरला विचारून घ्या.

एक आपल्याच बाजूच्या लोकांना पण सांगतो. फॉरवर्डला उत्तर म्हणून काहीजण "अमेरिकेत असल्या यंत्रानं 68 मेले" असं टाकतायत. ते 2019-20 चं प्रकरण खरं आहे, त्या 68 सकट 2807 जणांची नोंद झाली होती, पण त्यात मुख्य दोषी निघालं ते गांजाच्या तेलाच्या रिफिलांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, वाळल्या पाल्याच्या यंत्राचा तो विषय नव्हता. खोट्याला खोट्यानं उत्तर दिलं की समोरचा तेवढंच धरून बसतो.

ते मशीन मी दुरुस्त केलं नाही. फुगलेला सेल काढून वाळूच्या डब्यात ठेवला आणि बाकीचं पिशवीत घालून परत दिलं, पैसे पण घेतले नाहीत. आणि आत्याला फोन लावला, म्हणलं अगं काय पाठवलंस वाचलंस तरी का. ती म्हणाली, "नाही रे, खाली हात जोडलेले दिसले, मला वाटलं देवाचं काहीतरी असेल."