एक्झी बनली म्हणून व्हर्जनची कटकट संपत नाही

"एकदा एक्झी बनवली की व्हर्जनचा विषय कायमचा संपला. रिक्वायरमेंट्स फाइल, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वगैरे जुन्या लोकांचे चोचले." पायथन प्रोग्रामपासून बनवलेल्या एक्झीबद्दल (डबल-क्लिकने चालणारी फाइल) असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. फिरू दे म्हटलं असतं, पण माझ्या धाकट्या भावाने तो वाचून फोल्डरमधली रिक्वायरमेंट्स फाइलच (लागणारी पॅकेजेस, म्हणजे तयार लायब्रऱ्या, आणि त्यांची व्हर्जन्स यांची यादी) उडवली. वर एक्झी बनवणाऱ्या पायइन्स्टॉलर टूलचं नाव घेऊन मलाच सांगतो, "दादा, पायइन्स्टॉलर सगळं आत घेतो ना!"

घेतो की. पण काय घेतो? बिल्डच्या वेळी त्या मशीनवर जे पडलेलं असेल ते. इंपोर्टचा माग काढत जातो आणि सापडेल ती प्रत उचलतो. ती प्रत तुम्हाला हवी होती का, हे तो विचारत नाही. व्हर्जन ठरतं ते त्याच्या आधी, पिपच्या, म्हणजे पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या टूलच्या, पायरीवर. भावाने नव्या लॅपटॉपवर नुसती पॅकेजची नावं देऊन इन्स्टॉल मारलं आणि आकडेमोडीच्या नम्पाय पॅकेजचं व्हर्जन २ आलं. सोबतचं जुनं एक्स्टेन्शन, म्हणजे मशीन-कोडमधला जोडभाग, नम्पाय १ वर कंपाइल केलेलं. जून २०२४ मध्ये नम्पाय २.० आलं तेव्हाच ही बायनरी सुसंगतता तुटली होती, म्हणजे १ वर कंपाइल केलेलं २ सोबत चालेनासं झालं होतं. तरी बिल्ड बिनबोभाट पूर्ण झाली! दुसऱ्याच्या मशीनवर डबल-क्लिक केलं, तर काळी खिडकी क्षणभर चमकून गायब. महिन्यापूर्वीची एक्झी चालत होती, पण तिच्यात कुठली व्हर्जन्स होती ते सांगणारी फाइल तर याने उडवलेली.

"जुनी लायब्ररी आत बंद आहे, म्हणजे सुरक्षित." फॉरवर्डमधलं हे वाचून मात्र डोकंच फिरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीतली, म्हणजे वेबपी चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीतली, गंभीर चूक (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३) उघड झाली. नुसतं चित्र उघडताना मेमरीत हद्दीबाहेर लिहिलं जाण्याची ती चूक. चित्रांसाठीच्या पिलो पॅकेजच्या व्हीलमध्ये (इन्स्टॉलसाठीच्या तयार फाइलमध्ये) लिबवेबपीची स्वतःची प्रत असते, १०.०.१ मध्ये ती दुरुस्त झाली. पण त्याआधी बांधलेल्या एक्झीत जुनीच प्रत बसलेली आहे, आणि वापरणाऱ्याने अख्खी सिस्टीम अपडेट केली तरी ती हलत नाही. नवी एक्झी तुम्हीच बांधून द्यायची. त्यासाठी आत पिलो कुठलं आहे हे आधी माहीत हवं ना?

"एकच फाइल कुठेही चालते." नाही. पायइन्स्टॉलरचं मॅन्युअल उघडा: लिनक्सवरची जीलिबसी (सिस्टीमची मूळ सी लायब्ररी) आत घेतली जात नाही, म्हणून सपोर्ट करायच्या सर्वांत जुन्या सिस्टीमवर बिल्ड करा, असं स्पष्ट लिहिलंय. आणि लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी तो बनवतच नाही.

वापरणाऱ्याला पायथन इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि बनलेल्या एक्झीतली पायथन पॅकेजेस आपोआप बदलत नाहीत, एवढं मान्य. त्या फॉरवर्डमधलं खरं तेवढंच.

भावाला आता कोऱ्या व्हेन्व्हमध्ये (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेसची वेगळी जागा) बिल्ड करायला लावलंय आणि पिप फ्रीझची, म्हणजे तिथे इन्स्टॉल असलेल्या पॅकेजेसची आणि त्यांच्या व्हर्जन्सची, यादी प्रत्येक एक्झीसोबत जपून ठेवायला. त्या यादीत पायइन्स्टॉलरचंही व्हर्जन असू दे, हे दोनदा सांगावं लागलं.