बोहारणीकडून शिकण्यासारखं

जुने कपडे विकण्या-घेण्याच्या अॅपमध्ये फोटो आणि साइझचा फिल्टर दिला की काम झालं, असं एका लेखात म्हटलंय. पटलं नाही. एका कंपनीचा 'एम' दुसऱ्या कंपनीचा 'एल' असतो, त्यात धुऊन आटलेला कपडा. साइझ नको, इंचांत मापं हवीत: छाती, खांदा, उंची. ब्लाउज असेल तर आत माया (शिवणीतलं जादा कापड) किती सोडलीय, हेही. साडीला फॉल-पिको झालाय का, ब्लाउजपीस कापलाय का, हे विचारल्याशिवाय आमच्या गिरगावात कोणी साडीला हातसुद्धा लावणार नाही!

आमच्या चाळीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. स्टीलचं पातेलं देण्याआधी ती पँट उजेडात धरायची, बुड आणि गुडघे बघायची, मग काख, मग कॉलरची कड. आईची घासाघीस नंतर. अॅपने विकणाऱ्याकडून नेमके याच जागांचे फोटो सक्तीने मागावेत. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कपड्याचा कुबट वास मात्र फोटोत येत नाही, म्हणून परतीची सोय हवीच. आणि घरपोच कशाला? दोनशेच्या कुर्त्याला कुरिअर परवडत नाही. दादरच्या पुलावर हातोहात देऊ की!