वर्षभर निरंक राहायचंय? या, बसा

डॉक्टरसाहेब, तुमची अडचण मला कळते. ओपीडीत रोज शंभर पेशंट, त्यात पंधरा वर्षांखालचं एखादं पोर अचानक पाय लुळा पडून येतं, आणि पोलिओ तर नाही ना हे तपासायला त्याची खबर आरोग्य खात्याला द्यायची म्हणजे केवढा ताप. फोन करा, मग आमच्यासारखी माणसं धुळीच्या बुटांनी केबिनमध्ये येणार, केसपेपर मागणार, पेशंट खोळंबणार. म्हणून गेल्या पंधरवड्यात मला जे शिक्षण मिळालं ते तुमच्यासाठी फुकटात लिहून देतोय. मी तालुक्याला आरोग्य सहाय्यक आहे, तुमच्या कंपाउंडरच्या भाषेत 'तो पोलिओवाला'.

तर सगळ्यात आधी निदान स्वतःच करून मोकळे व्हा. जीबीएस लिहा, म्हणजे गिलेन-बॅरे, नसांचा आजार. पुण्यात 2025 च्या सुरुवातीला साथ आली तेव्हापासून हा शब्द पानवाल्यालाही पाठ आहे, त्यामुळे नातेवाईक माना डोलावतात. जीबीएस म्हणजे पोलिओ नाही, पोलिओ नाही म्हणजे कळवायचं नाही, हिशोब चोख. लुळेपणाचं कारण जीबीएस असो, मायलायटिस म्हणजे मज्जारज्जूची सूज असो नाहीतर कुल्ल्यात इंजेक्शन देऊन नस दुखावलेली असो, पोर अचानक लुळं पडलं की एएफपी, म्हणजे 'अचानक आलेला लुळेपणा', म्हणून कळवायचंच आणि पोलिओ आहे की नाही ते शी तपासून परळच्या लॅबने सांगायचं, असा एक नियम आहे खरा. पण नियम पगारी लोकांसाठी असतात.

दुसरं, आठवड्याचा निरंक अहवाल, म्हणजे 'या आठवड्यात अशी केस आली नाही' असं लिहून द्यायचं. दर आठवड्याला कोण लिहीत बसणार? जानेवारीतच बावन्न फॉर्मवर सही-शिक्का मारून गठ्ठा कंपाउंडरकडे द्या. मी स्वतः पाहिलाय तो गठ्ठा, रबरबँड लावलेला. दिवाळीच्या आठवड्यात दवाखाना बंद होता तरी त्या आठवड्याचा निरंक भरलेला. याला म्हणतात शिस्त.

ताप आणि अंगावर पुरळ असेल तर 'अ‍ॅलर्जी' लिहा, गोवर-रुबेलासाठी रक्त पाठवायची भानगडच नको.

आणि पालकहो, तुम्ही मागे राहू नका. पोलिओ रविवारी सेविका दारात आली की 'आमचं प्रायव्हेटला झालंय' म्हणून सेफ्टी डोअरच्या आतूनच सांगा, पोराची करंगळी दाखवू नका.

आता मुख्य युक्ती. कुणी विचारलंच तर हसून म्हणायचं, "अहो पोलिओ संपला की, कुठल्या जमान्यात आहात?" मला हे वाक्य मागच्याच आठवड्यात ऐकवलं गेलं, नाव घेत नाही, ज्यांनी ऐकवलं त्यांना कळेल. झालं असं की चार वर्षांचा पोरगा, सोमवारी सकाळी उठला तर डावा पाय टेकवेना. मंगळवारी साहेबांकडे. साहेबांनी जीबीएस लिहून शहरात पाठवला, तिथे दहा-बारा दिवस राहून पोरगं घरी आलं, आणि आम्हाला कळलं सतराव्या दिवशी. कुणाकडून? हातपंपावर बायका बोलत होत्या ते आशाताईंनी ऐकलं त्यांच्याकडून! तिकडे एमआरआयची फाईल चार इंच जाड आणि खबर हातपंपावर.

सतरावा दिवस म्हणजे काय ते मी डॉक्टरला सांगायचं का? शीचे दोन नमुने, 24 तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत, कारण विषाणू शीमध्ये भरपूर असतो तो पहिले दोन आठवडे. नंतर सापडला तर सापडला. तरी गेलोच मी, कॅरिअर, आइसपॅक, डब्या घेऊन. आजी ओसरीवर बसलेली, म्हणाली, "शी न्यायला आलाय व्हय? सरकारला आता हेच कमी पडलं का?" मी म्हटलं आजी, अंगठ्याच्या पेराएवढीच पाहिजे. पोराला औषधांनी बद्धकोष्ठ झालेला. संध्याकाळी झाली एकदाची तर सुनेने सवयीने धुऊन टाकली, बिचारीला इतकं ओशाळं झालं की मलाच दोनदा चहा. रात्री अकराला पहिला नमुना मिळाला, झाकण घट्ट, टेप, लेबल, पिशवी, कॅरिअरमध्ये. दुसऱ्यासाठी दुसऱ्या दिवशी परत 22 किलोमीटर. आणि मीटिंगमध्ये बोलणी कुणी खाल्ली? मी. केस उशिरा का सापडली म्हणून. मागच्या तिमाहीत खाल्ली होती ती केस का सापडली नाही म्हणून.

आता नमुने उशिराचे म्हणून पुरेसे धरत नाहीत, त्यामुळे 60 दिवसांनी जाऊन पाय बघायचा. ताकद आली नसेल तर फाईल तज्ज्ञांच्या समितीपुढे, आणि त्यांनाही नक्की सांगता आलं नाही तर त्या पोराच्या नावापुढे 'पोलिओ कम्पॅटिबल' लागेल, म्हणजे होता की नव्हता ते आता ब्रह्मदेवही सांगणार नाही. कारण काय, तर एक फोन केला नाही.

पोलिओ संपला म्हणे. साहेब, 2009 साली या देशात 741 पोरं लुळी झाली होती. शेवटची केस 13 जानेवारी 2011 ची, हावड्याची दोन वर्षांची मुलगी, आणि पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं 27 मार्च 2014 ला. ते का मिळालं माहितीये? पोलिओ दिसला नाही म्हणून नाही, प्रत्येक लुळं पोर शोधून त्याची शी तपासली आणि त्यात सापडला नाही म्हणून. दर लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी बिनपोलिओची एएफपी केस सापडली नाही तर त्याचा अर्थ जिल्हा निरोगी आहे असा नाही, जिल्हा झोपलाय असा होतो. पाकिस्तान-अफगाणिस्तानातून तो कधी गेलाच नाही. 2022 ला लंडनच्या गटारात सापडला, न्यूयॉर्कजवळ एक माणूस लुळा झाला. 2024 ला गाझातलं दहा महिन्यांचं बाळ. त्यातले काही विषाणू लशीतूनच बदलत गेलेले, लसीकरण कमी असेल तिथे फिरतात, आणि आपल्या वाड्या-तांड्यांवर किती पोरं सुटतात ते मला विचारा. विषाणू शिरलेल्या दोनशे जणांत एखादाच लुळा पडतो. तो एक तुमच्या टेबलासमोर आणून बसवला होता हो! बाकीचे 199 कुठे खेळत असते ते शोधायचा तोच एक धागा, आणि तुम्ही फाईल बंद करून शहरात पाठवलात.

मला तुमचं निदान चुकीचं म्हणायचंच नाही. जीबीएसच असेल, बहुतेक वेळा तेच असतं. पण ते ठरवायची संधी तुम्ही घालवली, तीही आळसाने, आणि वर मला जमाना शिकवता? लाज वाटायला पाहिजे. एमडीच्या परीक्षेत एएफपीची व्याख्या घडाघडा म्हटली असेल ना, मग बोर्ड लागल्यावर काय विसरलात? त्या पोराची आजी चौथी शिकलेली नाही, तिने दुसऱ्या दिवशी मला स्वतः फोन लावायला सांगितलं, "झालीय, या लवकर."

माझा नंबर तुमच्या टेबलाच्या काचेखाली आहे, औषध कंपनीचं कॅलेंडर ठेवलंय त्याच्या खाली. मीच चिकटवला होता जूनमध्ये. कॅलेंडर सरकवा. आणि तो रबरबँडवाला गठ्ठा फाडा, सोमवारी येतोय मी बघायला.