ते आठ आठवडे कुणाच्या हिशोबात?

‘वर्षभरानं दोन्ही गट सारखेच बरे, मग मणक्याच्या ऑपरेशनची घाई कशाला?’ हे सायटिकावरच्या (मणक्यातली नस दबून पायात कळ जाते त्या दुखण्यावरच्या) लेखातलं वाक्य अर्धंच आहे. नेदरलँड्सच्या ज्या अभ्यासावर (२००७, २८३ रुग्ण) ते बेतलंय, त्यात एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला आधी थांबवलं. लवकर ऑपरेशन झालेले साधारण ४ आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्यांना १२ लागले. शिवाय थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावंच लागलं. ते कुठं गेलं?

खुर्चीत बसून काम करणाऱ्याला हे जास्तीचे ८ आठवडे काढता येतील. आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर-केजकडं ऊसतोडीला जाणाऱ्याच्या हंगामाचा मोठा भाग त्यात जातो. माझ्या चुलतभावाची नस मोळी उचलताना दबली. डॉक्टर म्हणाले आराम करा. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर असताना आराम कसला! गोळ्या खात फडात वाकतच राहिला, शेवटी पाय ओढत गावी आला. बहुतेकांचं दुखणं बिगर ऑपरेशनचं जातं, हे मान्य. पण लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा, एवढं एक वाक्य तरी लेखात हवं होतं.